जाहिरातदाराचं गाठोडं सोडवलंत, आमचं कधी?

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी जतचा केबलवाला. जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाला खेटलेला तालुका. २०२२ च्या हिवाळ्यात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी इथल्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आम्ही काही दिवस बातम्यांत होतो. पुढे कुणी फिरकलं नाही. माझं गाऱ्हाणं मात्र सीमेचं नाही. आपण २८ ऑगस्ट २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांच्या टीव्ही धंद्यांचं विलीनीकरण मंजूर केलंत, त्याबद्दल लिहितो आहे. माझ्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या संध्याकाळशी त्याचा संबंध आहे.

म्हातारीचं पुढे सांगतो. आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे नंतर कुणी ती माझ्या तोंडावर फेकायला नको.

मक्तेदारी म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी ती केली आहे. १९९४ मध्ये वडिलांनी नव्या स्लॅबवर छत्री बसवली आणि खांबाखांबांवरून वायर ओढली. पाण्याच्या टाकीच्या अलीकडचा भाग आमचा, पलीकडचा दुसऱ्याचा. त्याची वायर टाकी ओलांडायची नाही, आमचीही नाही. कागदावर काही नव्हतं, पण सातबाऱ्यासारखं पक्कं होतं. दर आम्ही ठरवायचो. चॅनल कोणतं दाखवायचं तेही आम्हीच. वडिलांना कन्नड सिनेमा आवडायचा म्हणून रात्री नऊला व्हीसीआरवर राजकुमारचा पिक्चर लागायचा आणि मराठी घरंसुद्धा तो निमूट बघायची. कनेक्शनचा खरा आकडा आम्ही वरच्या कंपनीला कधी सांगितला नाही. पैसे थकले की वायर कापायचो आणि परत जोडायचे वेगळे घ्यायचो. म्हणजे आपल्या कायद्यात जे जे गैर म्हटलं आहे, त्यातलं बरंचसं आम्ही गल्लीपुरतं करून चुकलो आहोत.

तरी आम्हाला एक लगाम होता. तो कायद्याचा नव्हता. आम्ही त्याच गल्लीत राहत होतो एवढंच. २००३ च्या विश्वचषकाच्या फायनलला, ऐन भारताच्या बॅटिंगला, आमचा अँप्लिफायर जळाला. दहा मिनिटांत दारात पंधरा-वीस माणसं. वडील दुसरा अँप्लिफायर घेऊन खांबावर चढले होते, म्हणून सगळं बोलणं आईला खावं लागलं. मॅच आपण हरलो त्याचाही राग तिच्यावरच निघाला. पुढच्या महिन्यात तीन घरांनी पैसे दिले नाहीत आणि वडिलांनी मागितलेही नाहीत. ज्याला लुबाडायचं तो रोज सकाळी दूध आणायला जाताना भेटत असेल, तर लुबाडण्याला आपोआप हद्द पडते.

आता ते दार उरलेलं नाही. डिजिटल झाल्यापासून चॅनल माझ्या हातात नाहीत. मी फक्त वायर सांभाळतो आणि वसुली करतो. माझ्या वर एमएसओ म्हणजे मोठी केबल कंपनी, तिच्या वर प्रसारक म्हणजे चॅनल चालवणारी कंपनी. १८ फेब्रुवारी २०२३ ला मोठ्या प्रसारकांनी, नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल बंद केले. केबल कंपन्यांच्या महासंघानं तेव्हा साडेचार कोटी घरांचा आकडा सांगितला होता. त्या दिवसांत लोक सवयीनं माझ्याच दारात आले. मी काय सांगणार? भांडण ज्यांचं होतं त्यांची मी तोंडंही पाहिलेली नाहीत. मी फोन बंद करून शेतात जाऊन बसलो. आईच्या जागी या वेळी बायको होती.

ही झाली पार्श्वभूमी. आता बुकेचं, म्हणजे एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या चॅनलच्या गाठोड्याचं, गणित. आयोगात ते सगळ्यांना ठाऊक असणार, पण हे पत्र माझी गिऱ्हाइकंही वाचतील, म्हणून मांडतो.

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे केबलचे नियम ठरवणाऱ्या दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत आली. आधी १३० रुपये नेटवर्कचे, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्याच्यावर जी पे चॅनल निवडाल त्यांचे वेगळे. कल्पना मला आजही चांगलीच वाटते. मी दोन महिने घरोघर फॉर्म घेऊन हिंडलो. बाया चष्मा लावून यादीवर बोट फिरवायच्या, नवऱ्याची स्पोर्ट्सची चॅनल खोडायच्या, तो संध्याकाळी येऊन परत लिहायचा. आपल्या टीव्हीत काय असावं हे त्यातल्या कित्येकांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः लिहून दिलं.

हे फार दिवस टिकलं नाही, कारण सुटं घेणं परवडत नाही अशीच रचना आहे. आजच्या नियमानं १९ रुपयांपर्यंतचं चॅनल बुकेत घालता येतं आणि बुकेची किंमत सुट्या किमतींच्या बेरजेपेक्षा ४५ टक्क्यांपर्यंत कमी ठेवता येते. समजा एका कंपनीची पाच चॅनल आहेत, प्रत्येकी १९ ची. सुटी घेतलीत तर ९५ रुपये, बुकेत ५२ रुपये २५ पैसे. आणि पाचातली तीनच सुटी घेतलीत तर ५७. म्हणजे ज्याला तीन हवीत त्यानं पाच घ्यावीत, नाही तर पाच घेणाऱ्यापेक्षा जास्त मोजावेत.

यावर कुणी म्हणेल, स्वस्त पडतंय की, मग रडता कशाला? रडतो एवढ्यासाठी की ज्याच्याकडे पाच नाहीत, दोनच चॅनल आहेत, त्याला असं गाठोडं बांधता येत नाही. ज्याची चॅनल जास्त त्याचं गाठोडं जड, आणि ज्याचं गाठोडं जड तोच आधी घरात शिरतो. जतमधलं घर टीव्हीवर महिन्याला किती घालवणार हे जवळपास ठरलेलं असतं. पहिल्या गाठोड्यातच ते पैसे संपले की दुसऱ्याच्या चांगल्या चॅनललाही दार बंद. म्हणून दोन मोठी गाठोडी एका मालकाकडे जातात तेव्हा नुसत्या कंपन्या एकत्र येत नाहीत. घराच्या बजेटमधली जागाही एकाच्याच ताब्यात जाते.

तर ती म्हातारी. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय ८० च्या घरात, माहेर विजापूरकडचं, बोलणं कन्नड. सून तासगावची, तिला कन्नड कळतं पण ती बघते मराठी. टीव्ही एक. साताला आक्काची मालिका, आठला सुनेची, आणि आयपीएल असला की दोघींचं काही चालत नाही. आमच्या तालुक्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. बुके मात्र भाषेप्रमाणे बांधलेले असतात. मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा. त्यामुळे दोन भाषांच्या घरानं दोन गाठोडी उचलायची. मुंबईत बसून बुके बांधणाऱ्याच्या डोक्यात एका घराची एकच भाषा असते. आक्काच्या मुलानं एका महिन्यात बेरीज केली आणि कन्नड पॅक बंद करायला सांगितला. बॉक्सवरून तो मीच काढला. आक्का काही बोलली नाही. आता संध्याकाळी नातू मोबाइलवर तिला जुनी कन्नड गाणी लावून देतो. फोन त्याचा असल्यामुळे तो खेळायला गेला की गाणीही जातात.

यात दोष कुणा एकाचा आहे असं मी म्हणत नाही. पण आक्काकडे आधी एक छोटी ताकद होती. एका कंपनीनं दर वाढवला की मी तिला सांगू शकत होतो, हे सोडा, दुसऱ्या कंपनीचं ठेवा, मालिका तिथंही बऱ्या आहेत. आता आपल्या मंजुरीनंतरची स्थिती बघा. १४ नोव्हेंबर २०२४ ला रिलायन्स आणि डिस्ने यांचा व्यवहार पुरा झाला. ७०,३५२ कोटी रुपयांची संयुक्त कंपनी, १०० हून जास्त चॅनल. मराठीतली स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, कन्नडमधली स्टार सुवर्णा आणि कलर्स कन्नड, ही एकमेकांवर कुरघोडी करणारी चॅनल त्या दिवशी एका घरात आली. दोन भाषांत मिळून ज्या चार दुकानांत घासाघीस चालायची, त्यांचा मालक एक झाला. मराठीत झी आहे, सोनी आहे, सन आहे, कन्नडमध्येही झी आणि उदया आहेत, हे मला माहीत आहे. पर्याय संपले असं म्हणणं खोटं होईल. पण "हे सोडा, ते घ्या" म्हणायची जागा आकसली, आणि माझ्यासारख्याकडे गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलायला तेवढंच हत्यार होतं.

आपण आंधळेपणानं मंजुरी दिली नाहीत, हेही खरं. आपण प्रश्न विचारलेत, कंपन्यांना स्वतःहून काही बदल मान्य करावे लागले, काही वाहिन्या विकण्याची तयारी दाखवावी लागली. त्यातली सर्वांत गाजलेली अट क्रिकेटच्या जाहिरातींची. जाहिरातींच्या जागा एकत्र बांधून विकायच्या नाहीत आणि दर अवाजवी वाढवायचे नाहीत. ही अट मी पेपरात वाचली तेव्हा दोनदा वाचली. गाठोडं बांधून विकणं हे खरेदीदारावर जबरदस्ती करण्याचं साधन आहे, हे आयोगाला मान्य आहे तर! कोट्यवधींच्या जाहिराती देणाऱ्या साबण आणि शीतपेय कंपन्यांना या साधनापासून संरक्षण हवं, असं आपल्याला वाटलं. मग महिन्याला तीनशे-साडेतीनशे भरणाऱ्या आक्काच्या मुलाला का नको? त्याच्या पुढ्यात तर गाठोड्याशिवाय दुसरं काही ठेवलेलंच नाही. बुकेचा विषय ट्रायचा आहे असं उत्तर येईल. त्यावर नंतर येतो.

आधी क्रिकेट, कारण स्पर्धा असते तेव्हा काय होतं आणि ती गेल्यावर काय होतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही.

२०२३ ते २०२७ च्या आयपीएलचे हक्क विकले गेले तेव्हा टीव्हीचे डिस्नेच्या स्टारनं २३,५७५ कोटींना घेतले आणि डिजिटलचे रिलायन्सच्या व्हायकॉम १८ नं २३,७५८ कोटींना. मॅच एक आणि विकणारे दोन. डिजिटलवाल्यानं २०२३ चा आयपीएल जिओसिनेमावर फुकट टाकला. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दुसऱ्यानं त्याच वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक हॉटस्टारवर मोबाइलपुरता फुकट केला. २०२४ चा आयपीएलही मोबाइलवर फुकटच झाला. केबलवाला म्हणून मी त्या दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्याकडे तीच मॅच बघायला स्पोर्ट्सच्या चॅनलचे १९ रुपये अधिक कर, आणि शेजारच्या पानपट्टीवरचं पोरगं तीच मॅच मोबाइलवर फुकट बघतंय. लोक माझ्या तोंडावर हसायचे. माझा धंदा बुडत होता, पण प्रेक्षकाचं भलं होत होतं, हे मी नाकारणार कसं?

मग दोघं एक झाले. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार आलं, आणि २०२५ चा आयपीएल थोडा वेळ फुकट दाखवून पुढे पैसे मागू लागला. भांडत होते तोवर जेवण फुकट होतं, लग्न लागलं आणि पंगतीला तिकीट आलं. तिकीट तेव्हा तसं फार नव्हतं, मोबाइलपुरतं तीन महिन्यांना १४९ रुपयांपासून. पण सोबतचा दुसरा दरवाजा बघा. त्या हंगामात जिओचं २९९ किंवा त्याहून जास्त रुपयांचं रिचार्ज मारलं तर तेच ॲप ९० दिवस फुकट होतं. मॅच बघायची म्हणून सिम कोणतं घ्यायचं हे ठरू लागलं. आमच्या चौकातल्या मोबाइलच्या दुकानदारानं त्या महिन्यात मला चहा पाजला आणि म्हणाला, "अण्णा, आता तुझं काम मीच करतो."

विनोद म्हणून ठीक आहे, पण वायरचीही हकीकत तीच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सनं डेन आणि हॅथवे या दोन बड्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेण्याचं जाहीर केलं, आणि त्या व्यवहारालाही आयोगाची मंजुरी मिळाली. म्हणजे हक्क, चॅनल, ॲप, मोबाइलचं नेटवर्क, घरातला फायबर आणि जुनी केबल, एवढ्या सगळ्या पायऱ्यांवर आज एकाच उद्योगसमूहाचा पाय आहे. प्रत्येक पायरी चढताना तिच्यापुरता निर्णय झाला. अख्ख्या जिन्याकडे बघण्याचं काम कुणाचं?

क्रिकेटच्याच कडेला आणखी एक गोष्ट, कारण ती मला दरवेळी समजावून सांगावी लागते. भारताची मोठी मॅच असली की फोन येतो, "अण्णा, डीडीवर मॅच आहे म्हणतात, आपल्याकडे दुसरंच काहीतरी लागलंय." २००७ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसारकानं प्रसार भारतीला द्यायचा असतो. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरता आणि फ्री डिश या त्यांच्या बिनवर्गणीच्या छत्रीपुरता. खाजगी केबलवरून डीडीच्या वाटेनं तो न्यायचा नाही. कायद्याच्या नजरेत ते बरोबर असेल. गल्लीत त्याचा अर्थ असा, की छपरावर फ्री डिशची छत्री असलेल्याला मॅच दिसते आणि महिन्याचे पैसे भरणाऱ्याला नाही. उलट मालिकांच्या बाबतीत फ्री डिशवाल्याची पंचाईत झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये चार बड्या प्रसारकांनी आपली हिंदी मनोरंजनाची फुकट चॅनल तिथून काढून घेतली होती. ज्याच्याकडे पैसे कमी त्यानं मॅच बघावी की मालिका, हेसुद्धा वरूनच ठरतं.

मोठ्या कंपन्यांचा बचाव काय असतो तेही मी ऐकलं आहे. आमची स्पर्धा एकमेकांशी नाही, यूट्यूबशी आहे, नेटफ्लिक्सशी आहे, रीलशी आहे. त्यात तथ्य आहे. माझी कनेक्शन निम्म्याहून कमी झाली ती काही फक्त बुकेमुळे नाही. माझा स्वतःचा मुलगा टीव्ही बघत नाही. पण बाजार मोजताना बघणारा कोण हे तरी विचारा. वीस वर्षांच्या पोरासाठी यूट्यूब हा टीव्हीला पर्याय आहे. ज्या बाईला स्वयंपाक उरकता उरकता आठची मालिका बघायची आहे, जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, आणि असला तरी रोजचा दीड जीबी डेटा मुलाच्या अभ्यासाला लागतो, तिच्यासाठी तो पर्याय नाही. दोघांना एकाच बाजारात मोजलं की कागदावर स्पर्धा भरपूर दिसते.

आता अधिकारक्षेत्राचं. माझ्यासारख्यानं तक्रार केली की पहिलं उत्तर येतं, "हा विषय आमचा नाही." किंमत ट्रायची, परवाना मंत्रालयाचा, तंटा टीडीसॅट या न्यायाधिकरणाचा, आणि ॲपची किंमत तर ट्रायच्या दरपद्धतीतही बसत नाही. पण आयोगानं स्वतःच या उत्तराला एकदा छेद दिला आहे. केरळमधल्या एशियानेट डिजिटल या केबल कंपनीनं तक्रार केली होती की प्रसारकानं तिच्या प्रतिस्पर्ध्याला जाहिरातीच्या पैशांच्या नावाखाली नियमाबाहेरची सवलत दिली. आपण फेब्रुवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिलात. हा विषय ट्रायचा, आयोगाचा नाही, असा युक्तिवाद झाला, आणि २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं तो मानला नाही. चौकशीत काय निघेल ते निघो. पण दार उघडं आहे हे ठरलं. मग बुकेबद्दल बोलायला आलेल्या माणसाला आता शेजारचा दरवाजा दाखवू नका, एवढंच म्हणणं आहे.

दुसरी अडचण वेळेची. २०२२ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स या सिनेमागृहांच्या दोन साखळ्यांचं एकत्र यायचं ठरलं. दोघांचे मिळून १,५०० हून जास्त पडदे. करोनानं उलाढाल एवढी घसरली होती की ज्या मर्यादेपुढे आपली मंजुरी लागते, तिच्या खालून तो व्यवहार निघून गेला. कट्स या ग्राहक संस्थेनं तक्रार केली, ती सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली गेली. सूर असा, की पुढे काही वाईट होईल या भीतीवर चौकशी होत नाही. मला कायदा कळत नाही, पण रीत ओळखीची वाटली. लग्नाआधी गेलं तर "अजून काही झालंय का?" आणि लग्नानंतर गेलं तर "आता संसार मांडून झाला." नंतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींहून मोठ्या किमतीचे व्यवहार उलाढाल कमी असली तरी आपल्या नजरेखाली येऊ शकतात. चांगलं झालं. पण सांगलीला जाऊन मराठी पिक्चर बघायचा तर शो दुपारी बाराचा का, हे विचारायला माझ्या पुतण्याला आजही जागा नाही.

ट्रायनंही आपल्या परीनं सांगून पाहिलं आहे. केबलमधल्या मक्तेदारीवर २०१३ मध्ये, माध्यमांच्या मालकीवर २००९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी शिफारशी केल्या. चॅनल आणि वायर एकाच हातात असू नयेत, ही चर्चा त्यात होती. त्यांचं लोणचं झालं. मुरत ठेवलंय, वाढत कुणी नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. विलीनीकरण मोडा असं मी म्हणत नाही. ते होणार नाही हे मला कळतं. आपण ऑक्टोबर २०२२ मध्ये चित्रपट वितरणाच्या साखळीचा बाजार अभ्यास प्रसिद्ध केलात. तसाच अभ्यास टीव्ही आणि ॲपचा करा, आणि तो देशाच्या आकड्यानं न करता भाषेच्या आकड्यानं करा. मराठीत किती मालक उरले, कन्नडमध्ये किती, आणि सीमेवरच्या दोन भाषांच्या घराला काय मोजावं लागतं. त्यासाठी दिल्लीत संघटनांना बोलावून भागणार नाही. संघटना त्यांचं सांगतील, माझी संघटना माझं सांगेल. वर कबुली दिली आहे, आमच्यावरही फार विश्वास ठेवू नका. वर्गणी भरणाऱ्याला विचारा.

२०२४ च्या मंजुरीतल्या अटी पाळल्या जातात का, हे दरवर्षी साध्या भाषेत जाहीर करा. मराठीतही करा. आज माझ्यासारख्याला ते पेपरातल्या दोन ओळींवरून ताडावं लागतं. जाहिरातदारासाठी लावलेली गाठोड्याची कसोटी प्रेक्षकाच्या बुकेलाही लावून बघा, आणि ट्रायला तसं लिहा. रिचार्जबरोबर ॲप देणं ही सवलत कुठे संपते आणि दुसऱ्या सिमवाल्याला बाहेर ठेवणं कुठे सुरू होतं, तेही तपासा. आणि हे २०२७ च्या आधी व्हावं. आयपीएलचे सध्याचे हक्क तेव्हा संपतात. गेल्या वेळी एकमेकांविरुद्ध बोली लावणारे दोन बडे भिडू या वेळी एकाच बाजूला बसलेले असतील, आणि त्या लिलावाचं बिल शेवटी आमच्या वसुलीच्या वहीत येतं.

माझी वसुली दर महिन्याच्या १ ते १० तारखेला असते. हल्ली बरेच जण फोनवरून पैसे पाठवतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी अजून जातो. आयोगातून कुणी अभ्यासाला येणार असेल तर त्या दहा दिवसांत यावं, संध्याकाळी सहाच्या पुढे. सुरुवात आक्काच्या घरापासून करू. ती कन्नडमध्ये बोलेल. दुभाष्याचं काम मी करीन.

आपला,
टाकीच्या अलीकडचा केबलवाला
जत, जि. सांगली